बर्फाजवळची द्राक्षं

चहाची कपबशी राहेलबाईंनी हातात घेतली, पण चहा प्यायल्या नाहीत.

"माझ्या मालकावर चोरीचा आळ आलाय, साहेब. सोमवारी पोलिसात देणार म्हणत्यात."

समोर बसलेले दावीद साळवे पूर्वी रेल्वेच्या मालविभागात नुकसानीचे तपास करत. आता नोकरी सोडून दौंडमध्येच ते खाजगी तपासाची कामं घेत. शेजारी सोपानराव होते, निवृत्त शाळामास्तर. साळव्यांच्या प्रत्येक तपासात ते बरोबर असत आणि शेवटपर्यंत चुकीच्या माणसावर संशय घेत.

"आळ कशाचा?" साळव्यांनी विचारलं.

"बर्फाचा."

हकिगत अशी होती. १९६५ सालच्या मार्च महिन्यात कवठे येमाईच्या बागाईतदारांच्या सोसायटीने पहिल्यांदाच विलायतेला द्राक्षं पाठवली. शिरूरहून लॉरीने पेट्या दौंडला आल्या. तिथे त्या बर्फाच्या वाघिणीत, म्हणजे रेल्वेच्या मालडब्यात, भरल्या. या वाघिणीच्या दोन्ही टोकांना बर्फाच्या टाक्या असतात आणि मधे माल. वाघीण मुंबईच्या गोदीत पोचली की माल बोटीच्या थंड कोठारात चढायचा. पण गोदीत दार उघडलं तेव्हा द्राक्षं तपकिरी पडून गळत होती. बोटीच्या अधिकाऱ्याने माल नाकारला.

टाक्यांत बर्फ भरला होता राहेलबाईंचे यजमान, दौंडच्या बर्फ कारखान्यातले कामगार प्रभुदास यांनी. त्याच दिवशी गावात एक मोठं लग्न होतं. प्रभुदासांनी निम्मा बर्फ लग्नघरी विकला, म्हणून माल नासला, असं सोसायटीचं म्हणणं.

"लग्नाचा बर्फ कारखान्याच्या शेटनीच दिला," राहेलबाई म्हणाल्या. "पण शेट आता गप हायेत. सोसायटीचं गिऱ्हाईक त्यास्नी सोडायचं न्हाई."

साळवे उठले. "प्रभुदासांना सायडिंगवर बोलवा, वाघीण भरली त्या बाजूच्या रुळापाशी."

सायडिंगवर ऊन तापलं होतं. प्रभुदास उंच, कमी बोलणारा माणूस होता. कामावरून काढल्यापासून त्याने दाढी केलेली दिसत नव्हती.

"वाघीण हितं उभी व्हती," त्याने दाखवलं.

तिथे रुळालगत एक गाय आणि दोन शेळ्या खाली माना घालून खडी चाटत होत्या.

"शेजारी एवढं गवत, आणि ही जनावरं दगड चाटतायत!" सोपानराव हसले. साळवे हसले नाहीत. ते वाकून खडी पाहत राहिले.

"पहिल्यापासून सांगा," ते प्रभुदासला म्हणाले.

"हौसरावांची लॉरी आली. पेट्या उतरल्या, वाघिणीत लागल्या. लॉरी लगेच परत गेली. मंग मी वर चढून दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, झाकणं लावली."

"नुसता बर्फ? आणखी काही?"

"ताज्या फळाला नुसताच बर्फ लागतो, साहेब."

"मग इथं कोण थांबलं?"

"कुंजीर. सोसायटीचा माल बोटीवर चढवून देणारे एजंट. गाडी लागंपर्यंत वाघिणीपाशी पोत्यांवर बसून व्हते. कल्याणला मेव्हण्याच्या म्हशीला पेंड नेतो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी दोघे शिरूरला गेले. हौसराव आपल्या लॉरीखालून बाहेर आले ते तेलकट हात पुसत. सोसायटी निघण्याआधी कवठ्याची सगळी द्राक्षं तेच विकत घेऊन पुण्याला नेत. आता त्यांच्याकडे फक्त भाडं राहिलं होतं.

"माल नासला याचा मला आनंद झाला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण मी पेट्या उतरवल्या आन् माघारी फिरलो. बर्फ भरताना बगितलासुदीक न्हाई."

"हाच!" बाहेर पडताना सोपानराव कुजबुजले. "तोंडाने कबूल केलं."

"आनंद कबूल केला, सोपानराव. गुन्हा नाही."

सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब पहिला माल बोटीवर चढताना पाहायला स्वतः मुंबईला गेले होते. दोघे त्यांना कवठ्याला सोसायटीच्या कचेरीत भेटले.

"धक्क्यावर कुंजीर एकटाच उभा, हातात छत्री. तोंड उतरल्यालं. वाघिणीचं दार उघडलं आन् भसकन वाफ आली बगा माझ्या पायांवर. एवढा माल आतनं तापला व्हता! टाकीत तळाला नुसता बर्फाचा चुरा."

"सगळ्याच पेट्या गेल्या?"

"मधल्या जरा बऱ्या व्हत्या. टाक्यांजवळच्या पार गेल्या. पर बोटीवरच्या सायबानं एक गेली तर सगळी नको म्हणून सांगितलं." बापूसाहेबांनी मूठ आवळली. "लोकांनी माझ्या शब्दावर बागा लावल्या. त्या प्रभुदासाला मी सोडायचा न्हाई."

कुंजीर शेजारच्या खोलीतच भेटले. पांढराशुभ्र शर्ट, आवाज मऊ.

"मी इमानाने मालाबरोबर गेलो," ते म्हणाले. "गार्डाच्या डब्यातून मधे कुठंच उतरलो नाही. कल्याणला चहासुद्धा घेतला नाही."

"बोटीतली आपली जागा मग रिकामीच गेली?"

"छे! थंड कोठारातली जागा म्हणजे सोनं, साहेब. धक्क्यावर गोठवलेल्या कोळंबीची गाडी उभी होती. लगेच चढवली."

साळव्यांनी मान डोलावली. "बापूसाहेबांना सांगा, उद्या दुपारी सगळे इथं जमा. पोलिसांचं त्यानंतर पाहू."

सोसायटीच्या खोलीत टेबलावर दोन बादल्या होत्या. दोन्हींत बर्फ, आणि बर्फात झाकण लावलेला एकेक डबा. सकाळपासून त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. बापूसाहेब, हौसराव, कुंजीर आणि दाराशी प्रभुदास व राहेलबाई उभे होते.

साळव्यांनी पहिला डबा उघडला. आतला द्राक्षाचा घड ताजा, टवटवीत होता. दुसऱ्या डब्यातला घड गोट्यांसारखा कडक होता. त्यांनी तो उन्हात खिडकीत ठेवला.

"द्राक्षं उष्णतेने नासली असं सगळे म्हणतात. मग बर्फाजवळच्या पेट्या आधी का गेल्या? बर्फ कमी पडला असता तर मधला माल आधी गेला असता. दुसरं, बापूसाहेब, तुमच्या पायांवर वाफ आली. गरम वाफ वर जाते. खाली येतं ते गार धुकं. वाघीण तापलेली नव्हती. ती भयंकर गार होती."

"पण नुसत्या बर्फाने फळ गोठत नाही," सोपानराव म्हणाले.

"मीठ टाकलं तर गोठतं. दुसऱ्या बादलीत मी तेच टाकलंय. आइस्क्रीमच्या पॉटात आपण तेच करतो. मिठाने बर्फ लवकर वितळतो, पण वितळताना कितीतरी अधिक गार होतो. म्हणून द्राक्षंही गेली आणि टाक्याही रिकाम्या दिसल्या. बर्फाची चोरी झालीच नव्हती. त्या टाक्यांतून ठिबकलेलं खारं पाणी सायडिंगवर वाळलं. गाय आणि शेळ्या तेच मीठ चाटत होत्या."

खिडकीतला घड मऊ पडू लागला होता. मणी तपकिरी होत होते, रस फळीवर ओघळत होता. बापूसाहेब जवळ जाऊन पाहत राहिले. "अगदी असाच," ते पुटपुटले.

"हौसरावांची लॉरी बर्फ भरण्याआधीच गेली होती," साळवे पुढे म्हणाले. "प्रभुदासाला स्वतःच्याच कामाची नाचक्की करून काय मिळणार? नंतर वाघिणीपाशी एकच माणूस होता, पोत्यांवर बसलेला. कुंजीर, तुम्ही मधे कुठंच उतरला नाहीत. मुंबईत तुमच्या हातात फक्त छत्री. मग पेंडीची पोती कुठं गेली?"

"ती... गार्डाकडून मेव्हण्याला पोचवली."

"मेव्हण्याचं नाव?"

कुंजीर दाराकडे पाहू लागले.

"पोत्यांत पेंड नव्हती, मीठ होतं, आणि ते टाक्यांत गेलं. गोठवलेली कोळंबी धक्क्यावर उन्हात वाट बघत उभी राहत नाही," साळवे शांतपणे म्हणाले. "जागा रिकामी होणार हे त्या व्यापाऱ्याला आधीच ठाऊक होतं. ते फक्त तुम्हीच सांगू शकत होतात."

कुंजीर खुर्चीत बसले. मऊ आवाज चिरकला. "फक्त या एका खेपेपुरतंच म्हणाले होते ते कोळंबीवाले... पुढच्या बोटीला मी तुमचा माल नीट चढवणारच होतो, बापूसाहेब."

हौसराव जमिनीवर थुंकले. "मी उघड वैर केलं. तू घरात बसून केलंस."

बापूसाहेबांनी कुंजीरांकडे पाहिलंच नाही. त्यांनी शिपायाला फौजदारांकडे धाडलं. मग दाराशी जाऊन त्यांनी प्रभुदासपुढे हात जोडले. "चूक झाली माझी."

प्रभुदास गोंधळला. त्याने त्यांचे हात खाली करायला हात पुढे केला, तोच राहेलबाई मधे आल्या.

"हितं नगं, बापूसाहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही ह्यांना चोर म्हणालात कारखान्याच्या दारात, सगळ्या कामगारांपुढं. हेबी तितंच म्हणा."

चेअरमनशी असं कुणी बोललेलं नव्हतं.

बापूसाहेबांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर घातली.

"कारखान्याची पाळी सुटायच्या आत दौंड गाठायला पायजे," ते म्हणाले. "हौसराव, लॉरी काढ."