क्लिफर्डचं वजन

ब्रेक ऑइलचा डबा घेऊन ग्लेनिस ओलरेनशॉ गावातून परत आली ती थेट शेजारच्या पर्लच्या दारात जाऊन उभी राहिली. "चल गं, ब्रेक दाबायला," ती म्हणाली. पर्लने हातातला चहाचा कप खाली ठेवला, अंगात जाड कोट चढवला आणि ती निघाली. डर्बीशरच्या त्या डोंगराळ गावात मार्च महिन्यातही दगडी भिंती ओल सोडत नाहीत. घरामागच्या शेडमध्ये शिरलं की पॅराफिनचा, ग्रीसचा आणि ओल्या लोकरीचा वास नाकात बसायचा.

शेडमध्ये उभी होती ती क्लिफर्डची हिरवी गाडी. साठच्या दशकातली, दोनच सीटची, टप उघडायची स्पोर्ट्स कार. क्लिफर्ड म्हणजे ग्लेनिसचा नवरा. गेल्या पानगळीत हृदयविकाराने गेला. जाण्याआधी त्याने गाडीची पुढची बाजू अख्खी खोलून ठेवली होती आणि इस्पितळाच्या खाटेवरून एवढंच बजावलं होतं, "माझ्या सीटवर कुणाला बसू देऊ नकोस."

ग्लेनिसने आयुष्यभर त्या गाडीखाली पाठ घासली होती. नट तिने धुतले, ग्रीस तिने भरलं, पाने तिने पुसून ठेवले. पण चालवायची म्हटलं की क्लिफर्ड हसायचा. "तुझ्या हाताला स्टीअरिंग झेपायचं नाही," हे ठरलेलं. आणि दफनानंतरच्या चहापानातच त्याचा भाऊ नॉर्मन सँडविच चावत म्हणाला होता, "गाडी माझ्याकडे पाठवून दे. तू काय करणार तिचं? फुलझाडं लावणार?"

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या गाड्यांच्या क्लबातली सगळी मंडळी समोर बसलेली. ती म्हणाली, "क्लबच्या वसंतातल्या फेरीला मी ती स्वतः चालवत आणीन. माळ ओलांडून, एकटी. नाही जमलं तर घेऊन जा."

"सगळ्यांनी ऐकलं हं!" नॉर्मन खूश होऊन म्हणाला.

आता फेरी तोंडावर आली होती. हिवाळाभर राबून ग्लेनिसने पुढच्या स्प्रिंगा, किंगपिन, रबरी बुश, ब्रेकचे पाइप, स्टीअरिंगचे सांधे, सगळं नवं बसवलं होतं. पर्ल ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबायची आणि ग्लेनिस चाकापाशी उकिडवी बसून नळीतली हवा काढायची.

"दाब... धर... सोड. पुन्हा दाब."

"अख्खा जन्म नर्स म्हणून काढला," पर्ल कुरकुरली, "इतकं तर मी कुणा बाळंतिणीकडूनही करून घेतलं नाही."

ब्रेक झाले. राहिलं शेवटचं काम. स्प्रिंगांच्या सांध्यांत बसतात त्या रबरी बुशांचे नट गाडी अधांतरी असताना आवळायचे नसतात. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची, चालवणाऱ्याच्या वजनाइतकं वजन त्याच्या सीटवर ठेवायचं, आणि मग आवळायचे. गाडी त्या वजनाखाली बसते आणि तशीच राहते. क्लिफर्डने त्यासाठी वाळूची दोन पोती भरून ठेवली होती, स्वतःच्या वजनाची. तो धिप्पाड माणूस.

ग्लेनिसने गाडी फळ्यांवर चढवली, दोघींनी धापा टाकत पोती सीटवर रचली, आणि ग्लेनिसने खाली सरपटत जाऊन एकेक नट कचकचून आवळला. दरवेळी करायची तसंच. हाताला सवय होती, डोक्याने विचार केला नाही. पाना खाली ठेवताना तिच्या मनात चर्र झालं. गाडी चालवणार ती, आणि वजन ठेवलं क्लिफर्डचं!

"मूर्ख मी," ती म्हणाली. "काढ ती पोती. पुन्हा करू."

पोती काढली. गाडीची उजवी बाजू वर यायला हवी होती, निदान थोडी. ती आली नाही. उजवं चाक मडगार्डमध्ये तसंच खोल बसलेलं, आणि रिकाम्या सीटचं चामडं मधोमध दबलेलं.

"अडकलं असेल कुठेतरी," पर्ल म्हणाली.

ग्लेनिसने नट सैल केले. गाडी हलली नाही. मडगार्ड दोन्ही हातांनी हलवलं. स्प्रिंग कुरकुरली, खाली गेली, वर आली आणि पुन्हा तिथेच थांबली. मग पेपरमिंटचा वास आला. क्लिफर्ड गाडी चालवताना चघळायचा तो, कडक, नाकाला झोंबणारा. शेडचं दार बंद होतं.

पर्लने कोटाची कॉलर गच्च धरली. "ग्लेनिस... मी मेलेली माणसं पुष्कळ पाहिली. पण ती सगळी आडवी होती."

"मग हा बसलाय, एवढंच."

"देऊन टाक ती नॉर्मनला. भावाभावांचं ते बघून घेतील."

"देऊ?" ग्लेनिसचा आवाज चढला. "हिवाळाभर माझ्या बोटांची सालं निघाली ती याच्यासाठी? जिवंतपणी बसू दिलं नाही, आता मेल्यावरही नाही? पर्ल, पाना घे आणि खाली जा. नट तू आवळायचे. वजन माझं."

"आणि तो?"

"त्याचं मी बघते."

पर्ल काहीतरी पुटपुटत खाली गेली. ग्लेनिसने उजवीकडचं दार उघडलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. सीटवर वाकली तर गारठा सरळ पोटात गेला. तरी ती बसली. पाठीला चामडं लागलंच नाही. मधे काहीतरी होतं, ओल्या जाड कोटासारखं, आणि ते श्वास घेत होतं.

"सरक," ती म्हणाली.

कानाशी फक्त तो श्वास... सावकाश... दातांतून.

"क्लिफर्ड, सरक म्हणते ना! ही सीट माझी आहे!"

गाडी हलली. उजवी बाजू कण्हत वर आली आणि डावी बाजू तितकीच खाली गेली. खालून पर्ल किंचाळली, "अगं, डावीकडे दबली! मी मरेन इथे!"

"मरत नाहीस. आवळ! आत्ताच आवळ!"

पान्याचा आवाज येत राहिला. पर्ल रडतही होती आणि शिव्याही देत होती, पण तिने एकही नट सोडला नाही.

फेरीच्या दिवशी ग्लेनिस निघाली तेव्हा डावी सीट दबलेलीच होती. गावातून जाताना लोकांनी हात केले. माळावर चढल्यावर मात्र आसपास कुणी उरलं नाही. करडं गवत, दगडी कुंपणं आणि वारा. तिथे स्टीअरिंग जड झालं. चाक डावीकडे ओढ घेऊ लागलं, दरीच्या अंगाला. ग्लेनिसने ते उजवीकडे खेचून धरलं. ते पुन्हा ओढलं गेलं, या वेळी झटक्याने, आणि चाकाखालचे खडे दरीत घरंगळले. खाली मेंढ्या चरत होत्या, ठिपक्यांएवढ्या.

तिने ब्रेक दाबला. स्वतः हवा काढलेला, स्वतः बसवलेला तो ब्रेक कड्याच्या तोंडाशी लागला आणि गाडी उभी राहिली. ग्लेनिस घामाने डबडबली होती. हात पुढे करून तिने डावीकडचं दार उघडलं.

"उतर."

वारा आत घुसला. पेपरमिंटचा वास तसाच.

"स्टीअरिंग माझ्या हाताला झेपलं, बघितलंस ना? आता उतर. चालत जा नाहीतर दरीत जा. माझ्याबरोबर नाही."

मग डावी स्प्रिंग कुरकुरली आणि गाडी हळूहळू वर आली, सरळ झाली. ग्लेनिसने दार ओढून घेतलं, मागे वळूनही पाहिलं नाही आणि उताराला लागली. त्या उतारावर ती मोठ्याने हसली. वळण आलं की हसायची, पुढचं वळण आलं की पुन्हा.

मुक्कामाच्या पबसमोर गाड्या एका ओळीत उभ्या होत्या. ग्लेनिसने आपली गाडी पलीकडच्या टोकाला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पर्ल दुसऱ्या कुणाच्या गाडीतून आधीच पोचली होती. तिने धावत येऊन मिठी मारली. नॉर्मन सगळ्यात शेवटी आला आणि ओळीच्या अलीकडच्या टोकाला थांबला. गाडीत एकटाच होता.

"जिंकलीस बाई," तो आंबट तोंडाने म्हणाला. "तुझी गाडी, तुझी. माझ्या स्टीअरिंगला मात्र काय झालंय कळत नाही. माळापासून सारखं डावीकडे ओढतंय."

ग्लेनिसने त्याच्या गाडीकडे पाहिलं. डावी बाजू दबलेली होती. ती पाहत असतानाच ती बाजू सावकाश वर आली, आणि शेजारच्या लाल गाडीची उजवी बाजू खाली गेली. ड्रायव्हरची. आत कुणी नव्हतं. लाल गाडी वर आली. तिच्या पलीकडची पांढरी खाली गेली... वर आली. मग निळी.

गप्पा मारणारे एकेक करून वळून बघायला लागले. एकेक गाडी दबत होती, उठत होती, आणि ते दबणं ओळीतून पुढे सरकत होतं, हिरव्या गाडीकडे.

"ग्लेनिस," पर्ल कुजबुजली, "नको जाऊस..."

ग्लेनिस पळतच निघाली. शेजारची करडी गाडी दबायला लागली होती तेव्हा तिने आपलं दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर धप्पकन बसली, दोन्ही हातांनी स्टीअरिंग आवळून धरलं आणि पाय ब्रेकवर रोवला.

"ये आता," ती म्हणाली.

करडी गाडी वर आली.