साडेचौदा सेंटिमीटर

माणूस दुकानात शिरला की मी आधी त्याचं मनगट बघतो, चेहरा नंतर. जुनी घड्याळं दुरुस्त करून विकण्यात तीस वर्षं गेली, ही खोड आता जायची नाही. मनगट गोल आहे की चपटं, हाड वर आलंय का, हे पाहताक्षणी कळतं. तरी मी मोजतो. मोजपट्टी मनगटाभोवती गुंडाळायची, आकडा कार्डावर लिहायचा आणि मगच घड्याळ दाखवायचं. अंदाजपंचे काम करणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही.

माझ्या बायकोचं मनगट साडेचौदा सेंटिमीटर होतं. बत्तीस वर्षं तिने तरणतलावावर पोहायला शिकवलं. खांदे चांगले रुंद, आवाज पार दुसऱ्या काठापर्यंत जाणारा, आणि मनगटं मात्र शाळकरी मुलीची. एका शर्यतीत तिला बक्षीस म्हणून पुरुषांचं घड्याळ मिळालं, ते तिने दंडात घालून फोटो काढून घेतला होता. घड्याळवाल्याची बायको आणि हात रिकामा, म्हणून तलावावरचे लोक चिडवायचे. "सगळ्या गावाची मनगटं मोजून झाली की माझा नंबर लागेल," असं ती सांगायची. बोलायची हसत, पण मला ते लागायचं.

ती निवृत्त झाली तेव्हा मी मनावर घेतलं. तिला नाजूक, दागिन्यासारखं घड्याळ नको होतं. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बनवलेलं, दणकट, जुनं आणि भारीतलंच हवं होतं. आताची तसली घड्याळं थाळीएवढी असतात, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी तीच चौतीस-छत्तीस मिलिमीटरची निघत. पुरुष ती बिनतक्रार घालत.

एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मऊ कापड पसरून मी तीन घड्याळं मांडली. पहिलं एकोणचाळीसचं.

"हे घड्याळ नाही हो, डब्याचं झाकण आहे," ती म्हणाली.

दुसरं छत्तीसचं. तबकडी बेताची होती, पण पट्टा धरणारे पाय लांब. ते मनगटाच्या दोन्ही बाजूंना अधांतरी राहिले. लोक फक्त तबकडीची रुंदी विचारतात आणि तिथेच फसतात. या पायापासून त्या पायापर्यंतचं अंतर बघायचं असतं.

तिसरं चौतीसचं होतं. काळी तबकडी, सायीच्या रंगाला आलेले आकडे, भोवती फिरणारी रिंग, स्टीलची चेन. बंद पडलेल्या दुकानांचा माल उचलणाऱ्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून ते आठवड्यापूर्वीच आलं होतं. कोणतंही घड्याळ उघडून आतून पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही. पण हे घरचंच, चालतही सेकंदाला बरोबर होतं, म्हणून उघडायचं राहून गेलं.

तिने ते घातलं. चेनची एकही कडी काढावी लागली नाही. असं क्वचितच होतं.

"हेच," ती म्हणाली आणि हात लांब धरून बघत बसली. त्या दिवशी मी फार खूश होतो.

आठ दिवसांनी तिने हात पुढे केला. "अहो, जरा सैल झालंय."

जुन्या चेनचे सांधे झिजलेले असतात, थोडी ढिलाई येते. मी एक कडी काढली. दोन मिनिटांचं काम आहे ते. कडीच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पिन ढकलायची, कडी हातात येते. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक काढली. तिसरी काढताना शंका आली होती, पण सैल चेन दिसली की माझे हात आपोआप चालतात. चौथी कडी काढल्यावर मात्र मी मोजपट्टी आणली.

अकरा पूर्णांक सात.

पट्टी स्टीलच्या फूटपट्टीला लावून तपासली. पट्टी बरोबर होती. उजवं मनगट मोजलं, ते साडेचौदाच होतं. डावा पंजा होता तेवढाच, बोटं होती तेवढीच, मनगट मात्र कुणीतरी आतून आवळत नेल्यासारखं झालं होतं. दुखत नव्हतं. "वय झालं, दुसरं काय," म्हणून ती माझीच समजूत घालत होती.

डॉक्टरांनी डाव्या हाताची नाडी बराच वेळ शोधली. मग बोटं बदलून शोधली. "इथे लागत नाहीये," एवढंच ते बोलले. एक्स-रेत हाडं स्वच्छ आली, फक्त बारीक. हृदयाची तपासणी केली तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावलं. हृदय दमत चाललंय आणि कारण सापडत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी ही बाई तलावाच्या चाळीस फेऱ्या मारत होती. आता आमचा एक जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची.

मी घड्याळ काढून घेतलं. तिने दिलं, पण मन खट्टू झालेलं दिसलं. दुकानातल्या तिजोरीत ते ठेवलं आणि नऊ दिवस पट्टीवरचा आकडा हलला नाही. तिच्या तोंडाला चव आली. एका सकाळी तिने मला ओरडून उठवलं, अगदी तलावावरच्या आवाजात. मला रडूच फुटलं.

दहाव्या दिवशी एका बँकेतल्या साहेबांच्या घड्याळाची कडी काढून दिली. संध्याकाळी घरी आलो तर ती पलंगावर पडून होती. अकरा. पुढच्या आठवड्यात एका शिक्षिकेच्या घड्याळाची कडी काढली. त्या संध्याकाळी दहा पूर्णांक तीन. तिला कपही धरवेना.

दुसऱ्या दिवशी मी तिजोरीतून ते घड्याळ काढलं आणि पहिल्यांदाच त्याचं मागचं झाकण उघडलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ जो उघडतो तो झाकणाच्या आत सुईने तारीख कोरतो. भिंगाशिवाय ती दिसत नाही. पाच-सात वर्षांतून एकदा घड्याळ उघडतात, म्हणून एका झाकणात आठ-दहा तारखा, प्रत्येक वेगळ्या हाताची. इथे चार ओळी होत्या. प्रत्येक ओळ एकेकाच्या हाताची, प्रत्येकीत सातच तारखा, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने. तीन ओळी जुन्या होत्या. त्यांच्यामध्ये पुष्कळ वर्षं गेलेली.

चौथी ओळ माझ्या अक्षरात होती.

पहिल्या चार तारखांना मी तिच्या चेनच्या कड्या काढल्या होत्या. पाचवी बँकेतल्या साहेबांची, सहावी शिक्षिकेची. सातवी तारीख येत्या गुरुवारची होती.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. तो माल कुणाच्या दुकानातला, विचारलं.

"घड्याळवालाच होता तुमच्यासारखा. बायको गेली, मग आवरलं त्याने सगळं. त्याच्याकडे ते ज्याच्याकडून आलं, तोही त्याच धंद्यातला. का हो, बंद पडलं का?"

"नाही. बरोबर चालतंय," मी म्हणालो.

मग मी डोकं ताळ्यावर ठेवून विचार केला. प्रत्येक वेळी कडी माझ्या हाताने निघाली होती. तेव्हा माझ्या हाताने कडी निघताच कामा नये. गुरुवार तेवढा टाळायचा. घड्याळ, सगळी हत्यारं, दुकानातला एकूण एक नग आत टाकून मी शटर ओढलं आणि किल्ली शेजारच्या शिंप्याला दिली. "पाया पडलो तरी शुक्रवारपर्यंत देऊ नका," असं बजावलं. तो हसला, पण त्याने किल्ली ठेवून घेतली.

गुरुवारी पहाटेपासून मी तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसलो. घरात साधा स्क्रूड्रायव्हरही ठेवला नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास तिला जाग आली.

"अहो, सैल लागतंय."

"काय गं?"

"घड्याळ. सारखं खाली सरकतंय."

तिचा हात चादरीवर होता. उघडा.

"घड्याळ नाहीये तुझ्या हातात. दुकानात आहे ते."

"आहे हो. सरकतंय ना. डोळा लागू देत नाही." उजव्या हाताने ती काहीतरी वर ढकलत होती. "एक कडी काढा ना. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

मी नाही म्हणालो. पाणी दिलं. दुसरं काहीबाही बोलत राहिलो.

ती ढकलतच राहिली. अर्धा तास. कातडी लाल झाली. मग ती रडायला लागली. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिच्यात रडण्याइतकी ताकद उरली नव्हती आणि तरी ती थांबेना.

मी खोलीभर नजर फिरवली. हत्यार नव्हतं, घड्याळ नव्हतं. काढायला काहीच नव्हतं. लहान मुलाच्या समाधानासाठी करतात तसं करायला काय हरकत आहे, असं मनात आलं.

मी तिचा हात मांडीवर घेतला, उलटा केला. डाव्या चिमटीत हवा धरली. उजव्या अंगठ्याच्या नखाने पिन ढकलल्यासारखं केलं.

बाणाच्या दिशेने.

"झालं बघ," मी म्हणालो.

तिने हात हलवून पाहिला. चेहरा निवला. "आता कसं बरोबर बसलं," म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

मी चिमूट उघडली. आत स्टीलची एक कडी होती, अंगावरून नुकतीच उतरवल्यासारखी कोमट.