झोळ

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. नागपूर ते लिमा, म्हणजे पृथ्वीची जवळजवळ पलीकडची बाजू. अंतर सुमारे सतरा हजार किलोमीटर. विमानं बदलत गेलं तर दीड दिवस सहज जातो. पण अवकाशालाच घडी घातली तर? तर अकरा मिनिटं!

ते घडीगणित मांडणाऱ्या डॉ. सुलभा लांजेवार लिमाहून निघून, एकट्याच, पहिल्या घडीविमानातून आत्ता नागपुरात उतरल्या होत्या. त्यांची दहा वर्षांची मुलगी रेणू विमानतळावरच्या आगमन दालनाच्या दाराशी उभी होती. समोरच्या टोकाला आई. मधे जेमतेम साठ पावलं.

आई हात हलवत चालत होती. पण पाच मिनिटं झाली तरी ती जवळ येईना. उलट लहान लहान दिसू लागली.

रेणू धावत सुटली. धाप लागली तेव्हा तिने मागे पाहिलं. दार केव्हाच दूर गेलं होतं. पुढे आई काडेपेटीतल्या काडीएवढी. दालनात एक खुर्ची नाही, एक आवाज नाही. नुसती चकचकीत फरशी, लांबच लांब.

"थांब वं पोरी!" तिच्या कानातल्या यंत्रातून भोयरकाका ओरडले. ते आईचे सहकारी, नियंत्रण कक्षात बसलेले. "धावू नको!"

"काहून? ती माझी आई आहे!"

"मॅडम, ऐकताय ना?" काका आता आईशी बोलत होते. "ते सतरा हजार किलोमीटर गेले कुठं?"

"नाहीसे नाही झाले, भोयर. दुमडले." यंत्रातून येणारा आईचा आवाज तुटत होता. "आपण झोळ शून्य धरला... चुकलंच..."

"म्हणजे काय, काका?"

"दोघं मिळून चादरीची घडी घालतात, बेटा. टोकं धरून एकमेकांकडे येतात. मधे काय होतं?"

"झोळ पडतो."

"तोच तुमच्या दोघींत पडलाय. आई निघाली तेव्हा साठ पावलं होती. आता आठशे मीटर. जितक्या जवळ याल, तितका वाढेल."

"मग घडी उलगडा ना!"

"तुम्ही झोळात असताना? चादर फाटेल, पोरी. तुमच्यासकट."

कानात आईचे शेवटचे शब्द आले, "घाबरू नको राणी, मी धावत येते..." आणि मग नुसती खरखर.

"मॅडम, धावू नका! मॅडम!" काकांचा आवाज चिरकला. "त्यांना ऐकू जात नाहीये."

दूरवरची काडी आता टाचणी झाली. आई धावत होती.

रेणूचे डोळे भरून आले. "काका, चादरीचा झोळ काढायला आम्ही टोकं ताणतो. मागे सरकतो."

"बरोबर, बेटा! पण दोन्ही टोकं मागे सरकायला हवीत."

"मला मागे जाताना बघून आईला कळेल ना?"

"गणित त्यांचंच आहे," काका हळूच म्हणाले.

रेणूने डोळे पुसले, आईकडे पाठ फिरवली आणि मागे न बघता चालू लागली.