पाट लाव

ही गोष्ट खरी आहे.

पुरावा हवा असेल तर माझ्या घरी या. डोंबिवली पूर्व, चौथा मजला. पाट बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलेला आहे.

रात्रीची वेळ नव्हती. भर मे महिन्यातली दुपार होती. वीज गेलेली नव्हती, कुत्री रडत नव्हती. तसलं काहीच नव्हतं.

हे मी जगनच्या पॉलिश पेपरच्या नंबरांनी सांगणार आहे. नंबर वाढतो, तसा कागद बारीक होतो. मधला नंबर गाळायचा नसतो. गाळला तर ओरखडे आत राहतात.

८०

जगन माझा नवरा. खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पहिली पाळी संपवून आला की जेवायचा आणि बाल्कनीत बसायचा.

सासऱ्यांची शेतं होती तिथेच आमची बिल्डिंग उभी आहे. जुनं घर पाडलं, तेव्हा जगनने फक्त झोपाळ्याची सागवानी फळी मागून घेतली. तिचे दोन पाट करायचे होते. एक माझा, एक त्याचा.

"मशीन आणा की," मी म्हणायचे.

"मशीनला कळतं का, कोण बसणार आहे?"

खर्र… खर्र… खर्र…

मग फुंकर. फू.

तीनदा घासायचं, एकदा फुंकायचं. दोन्ही पाटांना तोच ताल.

मग हाक यायची. "कल्पे, डोळे मीट. हात फिरव. कुसळ लागतंय?"

माझा पाट आधी झाला. आरशासारखा सपाट. त्याचा अर्धवट असतानाच त्याच्या छातीत दुखायला लागलं.

हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाला…

"पाट लाव."

मला वाटलं, भूक लागली असेल.

"हो. घरी गेलो की लावते," मी म्हटलं.

घरी मी एकटीच आले.

१२०

दोन वर्षं गेली. आम्हाला मूल नाही. घरात एका माणसाचा आवाज किती कमी असतो, ते तेव्हा कळलं. कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटायची.

त्याचा पाट बाल्कनीत होता. खरबरीत, गोणपाटाखाली झाकलेला.

मग माझी नणंद नयन हिने एक स्थळ आणलं. सलिल. ठाण्याचे, बायको वारलेली.

"वहिनी, माणूस साधा आहे. मासे खातो, मी आधीच विचारलंय. घोरत नाही म्हणतो."

"घोरणारा कधी कबूल करतो का गं?"

"मग लग्न करूनच बघ!"

मी हसले. पुष्कळ दिवसांनी. आणि लगेच बाल्कनीकडे पाहिलं.

त्या दुपारी सासूबाई आल्या होत्या. त्या धाकट्या दिरांकडे खालच्या मजल्यावर राहतात. आम्ही सुकट निवडत होतो. बोलता बोलता मी म्हटलं, "जाताना यांना भूक लागली होती. पाट लाव म्हणाले."

सासूबाईंचा हात थांबला.

"काय म्हनला?"

"पाट लाव."

त्यांनी सुकटीचं ताट बाजूला सरकवलं.

"आगो बाय… आपल्यान इधवेचं दुसरं लगीन केलं, का तिचा पाट लावला म्हंतान. तुला म्हाईत नाय?"

माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेला शब्द होता. पण त्या क्षणी मला तो जेवणाचाच वाटला.

दोन वर्षं मी एका उपाशी माणसासाठी रडत होते. आणि त्याने कदाचित मला मोकळं केलं होतं.

कदाचित.

की खरंच भूक लागली होती?

कोणाला विचारणार?

१८०

सासूबाई खाली गेल्या. मी सुकट डब्यात भरली.

आणि…

खर्र… खर्र… खर्र…

फू.

आधी वाटलं, कोणाकडे तरी फर्निचरचं काम निघालंय. वॉचमनला फोन केला.

"नाय मॅडम. तुमच्या वरचा आन् बाजूचा, दोन्ही फ्लॅट बंद हायेत."

बाल्कनीत गेले. आवाज थांबला.

गोणपाट बाजूला पडलेलं होतं. फरशीवर लाकडाची बारीक पूड. सागवानाचा वास…

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशीही.

मी वळले की थांबायचा. म्हणून मी वळणं सोडलं. बाल्कनीकडे पाठ करून खुर्ची टाकायची, डोळे मिटून बसायचं. तुम्ही म्हणाल, ही बाई घाबरली कशी नाही? दोन वर्षं एकटं राहून बघा. मग विचारा.

एक दिवस मी बोलले.

"अहो… कोणासाठी घासताय? तुमच्यासाठी, की सलिलसाठी?"

आवाज थांबला.

आणि माझ्या मानेवर…

फू.

हात फिरवला. बोटांना पूड लागली.

२२०

खर्र…

खर्र…

खर्र…

(या दिवशी फुंकर आली नाही. मी मान पुढे करून बसले होते. अंधार पडेपर्यंत.)

४००

रविवारी सलिल जेवायला येणार होते. बोंबलाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. डायनिंग टेबल आहे घरात. पण मी पाट लावायचे ठरवले. काय ते एकदा कळू दे.

गोणपाट उचललं. डोळे मिटले. हात फिरवला.

कुसळ नाही. खाच नाही. पाण्यावरून हात जावा तसा गेला.

दोन्ही पाट समोरासमोर मांडले. सलिल आले. चपला काढल्या, हात धुतले, जगनच्या पाटावर लाजत बसले.

आणि लगेच उठले.

"काय झालं?"

"काही नाही…" त्यांनी पाटावर तळवा टेकवला. "गरम लागतोय. आत्ताच कोणी उठलं का इथून?"

नुकतंच घासलेलं लाकूड गरम असतं. मला ते माहीत आहे.

नुकताच माणूस उठलेला पाटही गरम असतो.

यातलं कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही.

सलिल परत बसले. पोटभर जेवले. जाताना म्हणाले, "घाई नाही. विचार करून सांगा."

त्या दिवसापासून बाल्कनी गप्प झाली.

एक आठवडा. दुसरा आठवडा. खुर्चीत पाठ करून बसायचे. खाली रिक्षावाल्यांची भांडणं ऐकू यायची, कबुतरं ऐकू यायची. तो नाही.

मग मी एक गोष्ट केली. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

खणातून ८० नंबरचा कागद काढला आणि जगनचा तो गुळगुळीत पाट घासला. लाकडाच्या रेषांना आडवा, दात ओठ खाऊन. पार खरबरीत करून टाकला. बाल्कनीत ठेवला, वर गोणपाट टाकलं.

म्हटलं, करा आता पहिल्यापासून.

दुसऱ्या दुपारी फोन वाजला. सलिल.

"जेवण झालं?"

"झालं."

"मग… काही ठरवलंत?"

मी काय बोलावं ते जुळवत होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमच्याकडे काम चाललंय का? मागे आवाज येतोय."

"कसला?"

"काहीतरी घासल्यासारखा…"

मी कान दिला. घरात काहीही नव्हतं. पंखासुद्धा बंद होता.

"मला नाही येत," मी म्हटलं. "तुम्हाला अजून येतोय?"

"हो, स्पष्ट. तीनदा घासतात, आणि मग कोणीतरी फुंकर मारतं."

मी फोन कानावर घट्ट दाबला. तरी नाही. मला फक्त सलिलचा श्वास ऐकू येत होता.

"फोन ठेवू नका," मी म्हटलं.

"नाही ठेवत. पण कल्पिता, झालंय काय?"

"काही नाही. थांबला, की मला सांगा."

उत्तर मी अजून दिलेलं नाही.

पण रोज दुपारी मी त्यांना फोन करते.