दुसऱ्या वळणावर

साताऱ्यात आता पहाटेचे गजर वाजत नसत. उजाडायच्या आत माणसं आपसूक उठत, तोंडावर पाणी मारत, पायात बूट सरकवत आणि अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागत. त्यात कोणाचा निश्चय नव्हता आणि कोणाची जबरदस्तीही नव्हती. पाय निघत, म्हणून माणसं निघत. आणि ही सगळी चाल मुळात एकाच बाईची होती. शर्वरी जगदाळे, कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई.

प्रकृती ठणठणीत राहायला काय करावं, हे माणसाला कळत नव्हतं असं कधीच नाही. चालावं, वेळेवर जेवावं, वेळेवर झोपावं, हे शाळकरी पोरंही घडाघडा सांगत. घोडं अडायचं ते रोज करण्यापाशी. कपाळामागचा मेंदू ठरवण्याचं काम करतो, पण तो दमतो, सबबी काढतो, सोमवारपासून नक्की म्हणतो. सवय मात्र मेंदूच्या तळाशी बसलेली असते. ती एकदा मुरली की कोणाची परवानगी मागत नाही. डॉ. ओजस काळसेकरांनी ही मुरलेली सवय एकाच्या डोक्यातून टिपून दुसऱ्याच्या डोक्यात उमटवण्याची रीत शोधून काढली. चुंबकीय टोपी घालून काही आठवडे बसायचं, एवढंच. या प्रकाराला त्यांनी सवयरोपण असं नाव दिलं, आणि जिची सवय घ्यायची ती व्यक्ती म्हणजे दाता. उमटवलेली सवय फिकी पडत जाई, म्हणून दर महिन्याला दात्याच्या डोक्यातल्या मूळ सवयीवरून ती पुन्हा गडद करून घ्यावी लागे. लोक त्याला उजळणी म्हणत.

सुरुवातीला गमतीही झाल्या. दिवस मावळायच्या आत जेवायची सवय बार्शीच्या एका जैन आजींकडून घेतली होती. ती रुजली, आणि अर्ध्या साताऱ्याला कांद्याचा वासही नकोसा झाला. भजीवाले सोडले तर कोणी कुरकुर केली नाही. सवय उपटून दुसरीकडे लावली तरी मुळाला थोडी माती चिकटून येतेच, असं डॉक्टर हसत हसत म्हणाले होते. स्वतः डॉक्टरांनी मात्र कुठलीच टोपी घातली नव्हती, आणि ते त्यांच्या पोटाकडे बघून कळत असे.

शर्वरीबाई दाता झाल्या त्या लेकीपायी. भार्गवीची साखर ऐन चाळिशीत हाताबाहेर गेली होती. पायाच्या जखमा भरत नव्हत्या, आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे मायलेकी दोघींना ठाऊक होतं. बाईंनी विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. भार्गवी दोन दिवस चालायची आणि तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढून घ्यायची. सवयरोपणानंतर तीच भार्गवी आईच्या आधी दाराबाहेर पडू लागली. जखमा भरल्या, चेहऱ्यावर तजेला आला. त्या दिवसांत शर्वरीबाईंना आपल्या पायांचा फार अभिमान वाटे.

मग एके दिवशी दुपारी डॉक्टर काळसेकर घरी आले. चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"काकू, किल्ल्याच्या रस्त्यावर दुसऱ्या वळणाशी तुम्ही थांबता का?"

भिंतीवर बाईंच्या यजमानांचा, रणजितरावांचा फोटो होता, तिकडे बाईंची नजर गेली. रणजितराव साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि छातीने अधू होते. दोघं रोज बरोबर निघत, पण चढावर ते मागे पडत. बाई दुसऱ्या वळणावर थांबून मागे बघत. ते धापा टाकत येत, हसत, आणि मग पुढचा चढ दोघं मिळून चढत. रणजितराव गेले त्याला तीन वर्षं झाली होती. बाईंनी चालणं सोडलं नव्हतं आणि थांबणंही.

"थांबते," त्या म्हणाल्या. "त्याचं काय?"

डॉक्टरांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की आता सगळं गाव थांबत होतं. ज्यांना ही चाल दिली ती माणसं दुसऱ्या वळणाशी येऊन मागे बघत. आधी ते थांबणं क्षणभराचं होतं. पण येणारा कधी येत नसल्यामुळे दर उजळणीनंतर ते लांबत चाललं होतं. कोणी कामाला उशिरा पोचे, कोणी तिथेच रडू लागे, आणि कशासाठी ते कोणालाच सांगता येत नसे. हे असंच वाढलं तर चाल बंद करावी लागणार होती. चाल बंद झाली की भार्गवी पुन्हा पांघरुणात जाणार, हे सांगायची गरज नव्हती. उपाय एकच होता. मुळात थांबणं होतं, म्हणून नकलेतही येत होतं. ते बाईंच्या डोक्यातूनच पुसायला हवं होतं.

"आठवणीला धक्का लागणार नाही, काकू. काका तुम्हाला जसेच्या तसे आठवतील. फक्त पाय थांबणार नाहीत, आणि मान वळणार नाही."

"आठवण फोटोतही आहे, डॉक्टर," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या वळणावर मी त्यांना आठवत नाही. मी त्यांची वाट बघते. माझं चालणं मागितलंत, दिलं. थांबणं माझं आहे. ते मिळणार नाही."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. उद्या एक दिवस सगळ्यांच्या मागून या, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाय दारात ओढ घेत असताना शर्वरीबाई हट्टाने उंबऱ्याशी बसून राहिल्या. गाव पुढे गेल्यावर निघाल्या. इतक्या वर्षांत त्या चढावर त्याच पुढे असत, सगळेच आपल्या पुढे आहेत असा दिवस कधी आला नव्हता. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाकडे त्यांनी वर मान करून पाहिलं आणि त्या जागच्या जागी खिळल्या.

रस्ताभर माणसं उभी होती. दुकानदार, कॉलेजची मुलं, बँकेतल्या बायका, सगळी मागे वळलेली आणि खाली रस्त्याकडे डोळे लावलेली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीच नजर होती. रणजितरावांना रोज ही नजर दिसत होती तर. धाप लागलेली असताना मान वर केली की हे दिसायचं, म्हणून ते हसायचे. बाईंचे डोळे भरून आले. आपण आयुष्यभर काय देत होतो ते त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

त्या चढू लागल्या. त्या जवळ आल्या, अगदी समोर आल्या, पण एकही चेहरा निवला नाही. सगळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. त्यांत भार्गवीही होती. बाईंनी तिचा हात धरला आणि चल म्हणाल्या.

"थांब ना, आई," भार्गवी म्हणाली. तिच्या गालांवर पाणी होतं. "अजून आले नाहीत."

"कोण?"

भार्गवीने गोंधळून आईकडे पाहिलं. "माहीत नाही गं. पण आपण निघून गेलो आणि मग ते आले तर?"

शर्वरीबाईंनी तिचा हात सोडला. आपलं दुःख आपल्याला जड नव्हतं, कारण ते कोणाचं आहे हे आपल्याला ठाऊक होतं. लेकीच्या पदरात टाकलं ते नुसतं ओझं. त्या तशाच उलट पावली उतरल्या आणि थेट डॉक्टरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पुसा," त्या म्हणाल्या. "आजच. उद्यावर टाकलंत तर माझा धीर होणार नाही."

पुसलेलं मूळ उजळणीतून गावभर पोचलं. त्यानंतरच्या पहाटे शर्वरीबाई नेहमीसारख्या सगळ्यांत पुढे होत्या. दुसरं वळण आलं. त्यांना रणजितराव आठवले, त्यांची मळकी टोपी आठवली, हसणं आठवलं, आणि पाय पुढे पडत राहिले. मान वळली नाही. त्यांच्या मागून सगळा सातारा एका लयीत चढत होता, टवटवीत आणि निरोगी. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते शब्दशः खरं झालं होतं.

तेवढ्यात मागून, बऱ्याच खालून, एक क्षीण हाक आली. कोणीतरी म्हातारं माणूस होतं, दम तुटलेलं. "अहो, जरा थांबा."

कोणीच थांबलं नाही. हाक सगळ्यांना ऐकू गेली होती. पुढच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा, पण त्यांचे पाय निघून गेले. बाईंचेही निघाले होते. पुसलं होतं ते फक्त रणजितरावांसाठीचं थांबणं नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मागे राहिलेल्यासाठी थांबणंच त्या चालीतून गेलं होतं, त्यांच्यातून आणि गावातूनही.

बाईंनी रस्त्याकडेचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाय ओढ घेत होते. कपाळामागचा तो दमणारा मेंदू कितीतरी वर्षांत त्यांनी या रस्त्यावर वापरला नव्हता. आता त्याच्याच जोरावर त्यांनी एक पाय रोवला, मग दुसरा. बाजूने माणसं जात राहिली. भार्गवी आली, आईकडे बघून हसली आणि झपझप पुढे निघून गेली. तिच्या पायांवर आता एकही जखम नव्हती.

शर्वरीबाईंनी सगळं बळ एकवटून मान मागे वळवली. आतून काहीच आलं नाही, ना हुरहुर, ना ओढ. तरी त्या खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"या सावकाश," त्यांनी खाली आवाज दिला. "मी उभी आहे."

वरच्या वळणाआड भार्गवीची पाठ दिसेनाशी झाली.