पळतो की टिकतो

ज्या माणसाच्या मी प्रेमात पडले, त्याचा मी पहिल्याच दिवशी चाळीस जणांसमोर पचका केला होता.

सकाळचे दहा वाजले होते. जहाजावरचं पहिलंच सत्र. जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या खुर्च्या, समोर वीतभर उंचीचं स्टेज आणि जहाज जरा कललं की आपोआप एका बाजूला पळणारा पडदा. माहितीपत्रकात या सगळ्याला ‘अभिजात नाटकांची अभ्यास-सफर’ असं भारदस्त नाव होतं. नऊ दिवस समुद्र, रोज एक जुनं नाटक, आणि शेवटच्या दुपारी प्रवाशांनीच बसवलेला प्रयोग. शिकवणारा तो. पहिल्या तासातच सगळे त्याला मास्तर म्हणायला लागले. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती बिचाऱ्याने. शर्टाच्या बाह्या दुमडायचा, त्यातली एक हमखास कोपराच्या वर आणि एक खाली.

तो एका नावाड्याचं भाषण म्हणून दाखवत होता. राणीच्या हुकमामुळे नावाड्याचा भाऊ पुरात बुडालेला असतो आणि तो भर दरबारात तिला जाब विचारतो. काय आवाज होता! मी वही मिटली, हनुवटी हातावर टेकवली... आणि तो मध्येच थांबला.

आता मी तरी काय करणार? अकरा वर्षं प्रॉम्प्टर आहे मी. काकांच्या नाटक कंपनीत विंगेत उभी राहते आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालते. घरी कोणी बोलता बोलता थांबलं तरी त्याचं वाक्य मीच पुरं करते. आई वैतागते.

“राणीसाहेब, नदीला हुकूम कळत नाही...” तिसऱ्या रांगेतून माझ्या तोंडून निघून गेलं.

चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

“तो पॉज होता,” मास्तर शांतपणे म्हणाला. “नाटकात असतो कधी कधी.”

सगळे खो खो हसले. मी कानापर्यंत लाल झाले, सॉरी म्हणाले, खाली बघितलं. पण मला पक्कं ठाऊक होतं की तो पॉज नव्हता. पॉज घेणाऱ्या नटाचा श्वास चालू असतो. शब्द हरवला की श्वास अडकतो. याचा अडकला होता. मी ते पाहिलं होतं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं होतं.

आता खरं सांगते. मी तिथे नाटक शिकायला गेलेच नव्हते. मला काकांनी पाठवलं होतं.

काका नेमकं हेच नाटक बसवायला घेत होते आणि त्यांना नावाडी सापडत नव्हता. सात वर्षांपूर्वी त्यांनी या माणसाला स्टेजवर ऐकलं होतं. त्या प्रयोगात तो भर प्रवेशात वाक्य विसरला आणि सरळ चालता झाला. चेहऱ्याला रंग, अंगावर सरदाराचा वेष, तशाच अवतारात तो बसमध्ये चढला म्हणे! त्यानंतर तो स्टेजवर दिसला नाही. नाटक शिकवायला लागला.

“तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही,” काका म्हणाले होते. “विसरण्याचं मला काही नाही गं, सगळेच विसरतात. पळतो की टिकतो, एवढं फक्त बघून ये. तू हो म्हणालीस तर नावाडी तो. नाही म्हणालीस तर विषय संपला. आणि त्याला यातलं काही कळता कामा नये.”

“त्यात काय मोठंसं!” असं मी म्हणाले होते. मूर्खच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेकवर उभी असताना तो आला. हातात चहाचे दोन कप.

“काल तुम्ही मला मदत करत होतात की माझी परीक्षा घेत होतात?”

मी घाईघाईने एक कप घेतला. “सवय आहे हो... जीभ ऐकत नाही.”

“पॉज होता तो.”

“हो ना. किती छान विसरला होतात तुम्ही तो पॉज!”

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग एकदम हसला, इतका की चहा त्याच्या मनगटावर सांडला.

“कसं कळलं?”

“श्वास अडकला तुमचा.”

“म्हणजे माझ्या श्वासाकडे लक्ष होतं तुमचं?”

“प्रॉम्प्टर आहे मी, तो माझ्या कामाचा भाग आहे.”

“कामाचाच ना?... नक्की?”

मी मुद्दाम समुद्राकडे बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं तिकडे, नुसतं पाणी. तरी मी बराच वेळ बघत राहिले, कारण मान वळवली असती तर त्याला माझं हसू दिसलं असतं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी चहा, चहाबरोबर त्याने न अडखळता म्हटलेलं नावाड्याचं ते भाषण, माझ्या कपात साखर नाही हे त्याला न सांगता कळलेलं, आणि वाऱ्याने पाण्याचे तुषार यायला लागले की काही न बोलता त्याचं जागा बदलून वाऱ्याच्या बाजूला उभं राहणं. चौथ्या दिवशी त्याने बसची ती गोष्ट आपण होऊन सांगितली. “कंडक्टरने विचारलं, कुठे जायचं, सरदार?” असं म्हणून तो स्वतःच हसला. मीही हसले. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा मात्र मला काय करावं ते सुचेना. मी त्याची खाली राहिलेली बाही नीट दुमडून दिली. त्याने हात मागे घेतला नाही. आणि मी प्रेमात पडले. अगदी तिथेच. उगाच कशाला आडपडदा ठेवू?

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. खरं सांगावं तर काकांना शब्द दिलेला. गप्प राहावं तर रोज सकाळी त्याच्या हातचा चहा प्यायचा आणि काकांचं गुपित त्याच्यापासून लपवत बसायचं. हो म्हणावं, आणि तो प्रयोगातून निघून गेला तर काकांचं नाटक बुडणार. नाही म्हणावं तर तो आवाज कायमचा चाळीस खुर्च्यांच्या वर्गात राहणार.

निकाल लावला तो जज्जबाईंनी. या आमच्या सहप्रवासी, तीस वर्षं न्यायाधीश होत्या. शेवटच्या प्रयोगाला हेच नाटक ठरलं होतं. त्यात राणीचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि नावाड्याचं एका दातांच्या डॉक्टरांकडे. दोन तालमी झाल्यावर बाईंनी चष्मा काढला.

“डॉक्टर, तुम्ही माझ्याकडे न्याय मागताय असं वाटत नाही. तोंड उघडा म्हणताय असं वाटतं. नावाडी मास्तर करतील.”

“अहो बाई, मी फक्त शिकवतो...” मास्तरचा चेहरा पांढराफटक पडला.

“हा निकाल आहे. अपील नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो एकटाच माझ्याकडे बघत होता.

“तुम्ही विंगेत असाल?” त्याने विचारलं.

“दुसरीकडे कुठे असणार?”

शेवटची दुपार. बंदर समोर दिसत होतं आणि आमचं जहाज आपला नंबर लागायची वाट बघत बाहेरच थांबलं होतं. कॅप्टन, खलाशी, स्वयंपाकी, सगळे येऊन बसले. आमची विंग म्हणजे घडीचा एक पडदा आणि त्यामागे कपबश्यांच्या खोलीचं दार. मध्ये हातभर जागा. तिथे मी, छातीशी पुस्तक धरून.

पहिली दहा मिनिटं तो सुरेख बोलला. मग ते भाषण आलं. त्याने राणीकडे पाहिलं, तोंड उघडलं... आणि त्याचा श्वास अडकला.

“राणीसाहेब, नदीला...” मी कुजबुजले.

नेमका त्याच क्षणी खाली नांगराचा साखळदंड सुटला. असा खडखडाट, की खुर्च्या थरथरल्या. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितलं. त्याला काही म्हणता काही ऐकू गेलं नाही. साखळदंड थांबला तेव्हा तो वळला होता आणि ताडताड माझ्या दिशेने येत होता.

“सरका,” तो म्हणाला. कपाळावर घाम.

“नाही.”

“सरका हो. मला जमत नाहीये.”

“दिसतंय.”

“मग वाक्य तरी द्या!”

वाक्य माझ्या ओठांवर होतं. द्यायला एक क्षण लागला असता, आणि तो आजच्यापुरता परत गेला असता. पण पुढच्या वेळी?

“वाक्य तुला येतंय,” मी म्हणाले. ‘तू’ कधी तोंडातून गेलं ते कळलंही नाही. “रोज सकाळी चहा पिताना म्हणतोस. तुला वाक्याची भीती नाही. विसरलास हे लोकांना कळेल, त्याची भीती आहे. कळू दे की!”

“तुझं काय जातंय बोलायला?”

“माझंच जातंय!” मी शक्य तितक्या हळू ओरडले. “माझे काका हेच नाटक बसवतायत. त्यांना नावाडी म्हणून तू हवायस. तू पळतोस की टिकतोस ते बघायला त्यांनी मला पाठवलंय. आज मला त्यांना सांगायचंय, आणि मी खोटं सांगणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर, तरी नाही.”

तो जागच्या जागी थिजला.

“काय म्हणालीस?”

“परत सांगायला वेळ नाही. राणी खोळंबली आहे.”

“नऊ दिवस तू मला...”

“भांडण नंतर. आधी भाऊ बुडालाय तुझा. जा!”

मला वाटलं, आता हा मला ढकलून जाणार. जागा हातभरच, त्याने खांदा लावला असता तरी पुरलं असतं. त्याने डोळे मिटले. श्वास घेतला. लांब, पोटापासून. आणि वळला.

स्टेजवर जज्जबाई तशाच उभ्या होत्या, हनुवटी वर, नजर स्थिर. साक्षीदार गप्प झाला की वाट बघायची त्यांना तीस वर्षांची सवय. तो त्यांच्या अगदी जवळ गेला. इतका राग मी त्याच्या अंगात कधी पाहिला नव्हता, आणि आवाज मात्र जेमतेम ऐकू येईल एवढा.

“राणीसाहेब, नदीला हुकूम कळत नाही. माझ्या भावाला कळत होता. म्हणून तो बुडाला.”

पुढे त्याने एक वाक्य गाळलं आणि दोन उलटसुलट केली. कोणाला पत्ता लागला नाही. मी पुस्तकात बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होते, आणि रडत होते, आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून पुस्तकाचा कोपरा चावत होते. भाषण संपलं. मग पहिला कॅप्टन उठला. त्याच्यामागे खलाशी उठले, स्वयंपाकी उठले, दातांचे डॉक्टर तर शिट्टी वाजवायला लागले. टाळ्या थांबेनात. तो मध्यभागी उभा, हात कुठे ठेवावेत तेच न कळलेला.

पडदा पडल्यावर बाईंनी त्याला गाठलं. “मास्तर, मला एकटीला उभं करून मध्येच कुठे गेला होतात?”

“वरच्या कोर्टात, बाई.”

“मग?”

“तिथून हाकलून दिलं.”

बाई हसल्या. मी मात्र हसले नाही. मी डेकवर पळाले.

पाचेक मिनिटांनी तो आला. अजून नावाड्याच्याच कपड्यांत. कठड्याला टेकून माझ्या शेजारी उभा राहिला. बंदरातल्या क्रेन हळूहळू फिरत होत्या.

“म्हणजे रोज परीक्षा चालली होती माझी,” तो म्हणाला.

“पहिले तीन दिवस.”

“आणि मग?”

“मग... मग नुसता चहा प्यायला येत होते.”

“मी रागावलोय.”

“माहीत आहे.”

“खूप रागावलोय. आणि तरी मला इथेच उभं राहावंसं वाटतंय. तुझ्याच शेजारी. हे काय आहे मला कळत नाही.” तो थांबला. “नाही, कळतंय. माझंही आहे.”

“काय?”

“जे परत सांगायला तुला वेळ नव्हता ते.”

मी काही बोलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. किनारा जवळ आल्याने रेंज आली होती. काका! मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पुन्हा ओढल्यासारखा झाला, पण तो हलला नाही. “घे. खरं तेच सांग,” म्हणाला.

मी फोन स्पीकरवर टाकला.

“काय गं? प्रयोग झाला? बोल, पळतो की टिकतो?”

“विसरतो, काका.”

“हं.”

“पळायलाही निघतो.”

कठड्यावरच्या त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती.

“पण परत येतो,” मी म्हणाले. “स्वतःच्या पायांनी परत येतो. आणि परत येऊन जे बोलतो ना, काका... सात वर्षांपूर्वी तुम्ही ऐकलंत ते काहीच नाही. आज स्वयंपाकीसुद्धा उभे राहिले!”

“हे प्रॉम्प्टर सांगतेय की माझी पुतणी?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास घेत होता. व्यवस्थित.

“दोघीही,” मी म्हणाले.

काका मोठ्याने हसले. “अस्सं! मग सोमवारी दहाला तालीम. त्याला सांग, उशीर मला चालत नाही.”

तो फोनवर वाकला. त्याचा गाल माझ्या कपाळाला लागला, आणि त्याने तो बाजूला घेतला नाही.

“आम्ही दोघंही वेळेवर येऊ, काका,” तो म्हणाला.

त्यानंतर बोलण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. जे झालं त्यात मी फोन बंद करायचा विसरले, आणि काकांनी ते सगळं ऐकलं. अजूनही चिडवतात.