कापडाची मागची बाजू

त्या सकाळी आम्ही निघालो होतो फक्त कापड दाखवायला. मी, माझा थोरला भाऊ सबार आणि त्याच्या काखेत गुंडाळलेलं माझं बाटिकचं कापड. जायचं होतं रंगारी पाक रेबोंकडे, म्हणजे रेबोकाकांकडे, तीन गल्ल्या पलीकडे.

"म्हातारबुवा म्हणाले 'हात चांगला आहे', तर राहा इथं एकटी, मुर्नी," सबार म्हणाला. "नाहीतर मुकाट्यानं माझ्याबरोबर सुराबायाला चलायचं. पाच महिने झाले बुदेला जाऊन. या घरात भिंतींशी बोलत बसतेस तू."

"भिंती उलट बोलत नाहीत, हे काय कमी आहे?" मी म्हटलं.

आमच्याकडे थोरल्या मावशीला बुदे म्हणतात; बुदे कार्ती ही आमच्या आईची थोरली बहीण. लासेम गावातलं तिचं हे घर म्हणजे काय सांगू! पहाटे चाफ्याचा वास, अंगणात वितळत्या मेणाची छोटी कढई, नि बांबूवर टांगलेलं पांढरं कापड. तांब्याच्या बारीक तोटीतून कापडावर मेणाच्या रेघा ओढत ती तासन्‌तास बसायची, तोंडातून चकार शब्द नाही. इतकं भरलेलं एकटेपण मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. तिच्यामागे मला तेच हवं होतं. सुराबाया शहरात, सबारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी जगलेच नसते.

एक गोष्ट मात्र मी सबारला सांगितली नव्हती.

आमच्याकडे मेणाची नक्षी आधी पुढून काढतात, मग कापड उलटून त्याच रेषा मागूनही गिरवतात. नाहीतर रंग आत शिरतो. मी सकाळभर पुढची बाजू करायची. दुपारी जेवून चटईवर पडायची. उठून बघावं, तर मागची बाजू झालेली असायची... रेषेवर रेष, ठिपक्यावर ठिपका. कढईखालचे निखारे अजून लाल असायचे.

पहिल्या दिवशी छाती धडधडली, खोटं कशाला बोलू? पण मग वाटलं, बुदेच असणार. मला एकटं टाकवत नाही तिला. त्यानंतर मी झोपण्याआधी दोन कप कॉफी ठेवू लागले. इतक्या सुखात मी आयुष्यात कधी नव्हते.

पाक रेबोंचे हात कोपरापर्यंत निळे. त्यांनी कापड उन्हात धरलं. मग डोळे पुसले.

"वा! काय हात आहे! सबार, हे कापड कार्तीनं कधी काढलं?"

"बुदेनं कुठलं, पाक? ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मी स्वतः कोरं आणलंय हे. मुर्नीनं काढलंय सगळं."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं तिची कापडं निळीत बुडवली मी. हा ठिपका बघ, शेवटी बारीक शेपटी. हा कार्तीचाच."

"तिनंच शिकवलंय ना मुर्नीला, मग तसाच येणार," सबार हसला.

"असं शिकवून येत नाही रे..." त्यांनी कापड उलटलं. "हं. ही मागची बाजू मुर्नीची. रेघ चांगली आहे, पण वळणावर बिचकते. लहानपणापासून बिचकते ही."

मागची बाजू मी काढलीच नव्हती. एक ठिपकासुद्धा नाही. मी काढली होती ती पुढची, रोज सकाळी, लख्ख जागेपणी...

"म्हणजे हात चांगला आहे ना?" सबारनं विचारलं.

"चांगला? असा हात पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं मला," म्हातारे म्हणाले.

झालं. सबार शब्दाचा पक्का. परतताना तो खुशीत होता. म्हातारा आता पार चळला म्हणत होता. घरी आल्यावर त्यानं भात नि तळलेलं सोयाबीनचं टेंपे पोटभर खाल्लं, अंगणात लवंगेची सिगारेट ओढली, म्हणाला, "खरंच, इथं जीव निवतो गं. राहा तू." मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला त्याला ओरडून सांगायचं होतं की मला घेऊन चल. तोंड उघडेना.

दारात रिक्षा आली. सबारनं पिशवी उचलली, वाकला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. थोरला भाऊ धाकट्या बहिणीला असं कधीच करत नाही आमच्यात. वडीलधाऱ्यांनाच करतात.

"येतो हं, बुदे," तो म्हणाला. त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सावकाश जा रे बाळा," मी म्हटलं. "मुर्नी झोपलीय आत. उठली की सांगते तिला."